अर्ध्यावर वळणारी गाडी

खोली भाड्याने देण्याआधी त्यांनी माझी जशी मुलाखत घेतली, तशी मोहालीतल्या माझ्या कंपनीनेही घेतली नव्हती. पगार किती, लग्न कधी, घरी कोण कोण येणार, हे चंदीगडच्या घरमालकांचे ठरलेले प्रश्न त्यांनी विचारलेच नाहीत. गाडी चालवता येते का, एवढं विचारलं. येते म्हटलं. मग खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "समज, पेट्रोलचा काटा अर्ध्यावर आला. काय करशील?"

"काही नाही. अजून अर्धी टाकी आहे की."

"चूक. अर्धी टाकी जायला, अर्धी टाकी यायला. काटा अर्ध्यावर आला की गाडी वळवायची. पुढं स्वर्ग असला तरी."

उत्तर चुकूनही खोली मिळाली, कारण मी नाशिकची निघाले आणि त्यांच्याशी मराठीत बोलणारं त्या गल्लीत दुसरं कुणी नव्हतं. गच्चीवरची एक खोली, ज्याला इथे बरसाती म्हणतात, ती माझी. खालचं सगळं घर त्यांचं एकट्याचं. पत्नी मी येण्याच्या आधीच गेल्या होत्या. एकुलती एक मुलगी वर डोंगरात, धरमपूरच्या पुढे, एका निवासी शाळेत शिकवत होती.

माणूस मूळचा साताऱ्याकडचा. सैन्यात रसद आणि वाहतुकीच्या खात्यात उभं आयुष्य गेलं, कर्नल म्हणून निवृत्त झाले आणि शेवटची बदली इथे होती म्हणून इथेच राहिले. गावी का गेला नाहीत, असं एकदा विचारलं तर म्हणाले, "तिथं मला कुणी ओळखत नाही, हितं मी कुणाला ओळखत नाही. दोन्हीकडं सारखंच. पण हितले रस्ते सरळ हायेत." सारी गल्ली त्यांना 'कर्नल साब' म्हणायची. मी काका म्हणत असे. पहिल्या दिवशी त्यांनी भुवया उंचावल्या, दुसऱ्या दिवसापासून ओ द्यायला लागले.

त्यांच्याकडे एक जुनी पेट्रोल गाडी होती. रोज सकाळी दहा मिनिटं ती पोर्चमध्ये नुसती चालू ठेवायची, हा नेम. जायचं कुठेच नसे. बॉनेटवर तळहात ठेवून ते उभे राहत आणि डोळे मिटत. लहान मुलाला ताप आहे का बघतात ना, तसं. गल्लीतल्या कुणाच्याही गाडीचं काही बिघडलं तर लोक आधी त्यांच्याकडे आणत. ते हात ठेवत, ऐकत, आणि "प्लग", किंवा "बेल्ट", किंवा "ड्रायव्हर" असं एका शब्दात निदान करत. तिसरं निदान सगळ्यात जास्त वेळा व्हायचं.

शेजारी एक सरदारजी राहत. तांदळाचा व्यापार मुलाच्या गळ्यात घालून मोकळे झालेले, आणि आता दिवसभर लोकांच्या भानगडीत लक्ष घालायला रिकामे. त्या रोजच्या धुराने त्यांच्या अंगणातल्या कपड्यांना वास यायचा. पण तक्रार कशी करायची, कर्नल पडले. मग ते भिंतीवरून म्हणत, "कर्नल साब, आज गड्डी कित्थे जा रही है?"

"कहीं नहीं."

"फिर तो पहुँच गई जी."

त्या गाडीला पंधरा वर्षं झाली तेव्हा कागदपत्रं नव्याने करायची वेळ आली. त्याआधी गाडीची तपासणी असते. तिथल्या माणसाने मागे वाकून बघितलं आणि म्हणाला, "सर, धुआँ ज़्यादा है." एवढंच. दुरुस्ती करून आणा, असंही तो म्हणाला, पण ते ऐकायला कर्नल तिथे नव्हते. त्यांचा धूर काढणारा माणूस अजून जन्माला यायचा होता अशी त्यांची समजूत होती, आणि तो तर समोर उभा राहून फॉर्मवर शिक्का मारत होता. घरी आले, जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मला म्हणाले, "चल. धूरच येत नाही अशी गाडी घेऊ. मग बघतो काय बोलतोय ते."

इलेक्ट्रिक गाडी घेण्याची लोकांची कारणं वेगवेगळी असतात. पर्यावरण, पेट्रोलचे भाव, हौस. अपमान झाला म्हणून घेतलेली मी ही एकच पाहिली.

गाडी ताब्यात घ्यायला आम्ही गेलो तो प्रसंग मी पुढे ऑफिसात अनेकदा सांगितला. कर्नल आत बसले, पट्टा लावला, बटण दाबलं आणि वाट बघत राहिले. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. सेल्समन नम्रपणे म्हणाला, "सर, पहले चालू थी, अब आपने बंद कर दी."

"चालू थी तो बोली क्यों नहीं?"

"सर, ये बोलती नहीं."

कर्नलांनी बॉनेटवर हात ठेवायला म्हणून एक पाय बाहेर काढला आणि पुन्हा आत घेतला. सेल्समनने उत्साहाने पुढचं सांगितलं. पाय उचलला की गाडी आपोआप मंदावते, आणि मंदावताना बॅटरी थोडी परत भरते. उतारावर तर चांगलीच भरते. कर्नलांनी माझ्याकडे बघून मराठीत सांगितलं, "विकणारा माणूस काय वाट्टेल ते सांगतो."

पहिली अडचण डाव्या पायाची झाली. पन्नास वर्षं क्लच दाबलेला पाय तो. नव्या गाडीत त्याला कामच नाही, पण हे त्याला कोण सांगणार? तो सवयीने पुढे जायचा, ब्रेकवर पडायचा आणि गाडी भर रस्त्यात गचकन थांबायची. मागे बसून मी दोन-तीनदा पुढच्या सीटवर नाक आपटून घेतलं. शेवटी त्यांनी तोडगा काढला. गाडीत बसताना डावा बूट काढून बाजूला ठेवायचा. "बूट असला की पायाला वाटतं ड्यूटी हाय," त्यांनी समजावलं. आणि खरोखर, बूट काढल्यावर पाय गप्प बसला. मात्र सेक्टर २२ च्या बाजारात ते तसेच उतरले आणि एका पायात बूट, एका पायात मोजा घालून मनुके घ्यायला दुकानात शिरले. दुकानदाराने काही विचारलं नाही. चंदीगडमध्ये निवृत्त फौजी माणसाला कुणी फारसं काही विचारत नाही.

दुसरी अडचण लोकांची. गाडी बोलत नसल्यामुळे बाजारात लोक तिच्या पुढून खुशाल गप्पा मारत चालायचे. हॉर्न वाजवणं कर्नलांना कमीपणाचं वाटे. ते काच खाली करून, मान बाहेर काढून, "भाईसाहब, आपके पीछे मैं हूँ," असं सांगत. माणूस दचकून उडी मारायचा. हे हॉर्नपेक्षा वाईट होतं, पण त्यांना पटवणार कोण?

सकाळचा नेमही सुटला नाही. दहा मिनिटं ते त्या गप्प गाडीत जाऊन बसत. मी ऑफिसला निघताना म्हटलं, "काका, यात इंजिन नाही. गरम काय करताय?"

"गाडी नाही गं. मी गरम होतोय."

चार्जिंगचा तर सोहळाच होता. इलेक्ट्रिशियनकडून पोर्चमध्ये जाड वायरीचा प्लग बसवून घेतला होता. गाडी लावली की शेजारी खुर्ची टाकून वर्तमानपत्र घेऊन बसायचे, सलाईन लावलेल्या पेशंटजवळ नातेवाईक बसतात तसे. अधूनमधून उठून आत डोकावायचे. फोनवरचं गाडीचं ॲप त्यांना जमत नसे, ते काम माझ्याकडे. बाहेर जायचं असलं की मी शेजारी बसून चार्जिंगचे आकडे वाचायचे. माझं भाडं त्यांनी त्यानंतर कधी वाढवलं नाही, पण रविवारही माझे राहिले नाहीत.

एक गोष्ट मात्र त्यांना मनापासून आवडली. झिरकपूरचा ट्रॅफिक जाम. पूर्वी तिथे अडकलं की ते तळमळायचे, इंजिन बंद करायचे, चालू करायचे, नगरपालिकेपासून देवापर्यंत सगळ्यांना शिव्या घालायचे. आता आजूबाजूला शेकडो गाड्या धूर ओकत उभ्या, आणि हे मधोमध हात मांडीवर ठेवून शांत. "बघ," ते म्हणायचे, "सगळे जळतायत. आपण नुसते उभे हावोत." एकदा तर जाम सुटला तेव्हा मला त्यांच्या चेहऱ्यावर थोडी नाराजी दिसली.

पण अर्ध्याचा नियम त्यांनी नव्या गाडीलाही लावला, आणि तिथे घोटाळा झाला. पेट्रोल गाडीची टाकी मोठी. चंदीगडच्या सरळ रस्त्यांवर काटा अर्ध्यावर यायला आठवडे लागत. त्यामुळे नियम होता, पण तो पाळायची वेळ फारशी यायची नाही. ही गाडी लहान, बॅटरी लहान. अंबाल्याकडे एका लग्नाला निघालो, हिवाळ्यातला हीटर चालू, तर मंडप दिसायला लागला तेव्हा स्क्रीनवर पन्नास टक्के आले. मंडपातला बँड ऐकू येत होता. कर्नलांनी इंडिकेटर दिला आणि गाडी वळवली. मी हातातलं आहेराचं पाकीट बघत बसले. दुसऱ्या दिवशी सरदारजींनी लग्न कसं झालं विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "दूर से अच्छा लगा."

यावर मी पोट धरून हसले होते. पुढच्या महिन्यात मुलीकडे निघालो तेव्हा मात्र हसू आलं नाही.

मुलीकडे ते वर्षातून दोन-तीनदा जात. सकाळी जायचं, दुपारी परत. राहायचं नाही. या गाडीने पहिल्यांदाच चाललो होतो. त्यांनी स्वतः कांदा-लसणाचा मसाला करून बरणीत भरला होता, तिला आवडतो म्हणून. काल्का मागे पडलं, चढ लागला, आणि आकडे घसरायला लागले. मी एकेक वाचत होते. चढावर गाडी बॅटरी भसाभस पिते, हे आम्हाला दोघांनाही ठाऊक नव्हतं. धरमपूर अजून थोडं पुढे होतं तेव्हा मी पन्नास म्हटलं. खरं तर मी क्षणभर थांबले होते. पण त्यांनी स्वतःच स्क्रीनकडे बघितलं होतं.

गाडी वळली. त्यांनी मला फोन लावायला सांगितला आणि मुलीला म्हणाले, "अर्ध्यावर आली. परत निघालो." पलीकडून "ठीक है, बाबा" एवढंच ऐकू आलं. मसाल्याची बरणी माझ्या मांडीवर तशीच राहिली.

आणि उतरताना तो आकडा वाढायला लागला. पन्नासाचे एक्कावन्न, बावन्न. परवाणूला पोचेपर्यंत छप्पन्न. कर्नलांनी गाडी कडेला घेतली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "परत देतंय," ते म्हणाले. घरी पोचलो तेव्हा भरपूर चार्जिंग उरलं होतं. आम्ही सहज जाऊन आलो असतो, चहा-जेवण करून आलो असतो, हे त्यांना कळलं होतं आणि मला कळलं होतं. मला त्यांचा राग आला होता, स्पष्टच सांगते. बाप मुलीच्या दारापासून दोन डोंगर अलीकडे वळतो, याला शिस्त म्हणायचं कसं?

त्या संध्याकाळी ताईचा मला फोन आला. ताई म्हणजे त्यांची मुलगी, चाळिशी ओलांडलेली, एकटी राहणारी. सगळं बालपण वसतिगृहात आणि छावण्यांत गेल्यामुळे तिचं मराठी मधूनच हिंदीत घसरायचं.

"रागावू नका, ताई," मी म्हटलं. "त्यांचा तो नियम..."

"नियम मला माहीत आहे. ट्रकची गोष्ट पण माहीत आहे. तुला सांगितली नाही?"

मला सांगितली नव्हती. तिनेच सांगितली. वर बर्फातल्या एका खिंडीत ताफा न्यायचा होता. एका ड्रायव्हरने विचारलं, साहेब, परतीला तेल पुरेल का? हे म्हणाले, पुरेल, जाऊन ये. पुरलं नाही. ट्रक परतताना खिंडीत बंद पडला. मदत पोचेपर्यंत त्या ड्रायव्हरच्या दोन्ही पायांची बोटं गेली. तेव्हापासून अर्ध्यावर वळायचं.

"मला कळतं ते," ताई म्हणाली. "पर यार, वो बर्फ़ में हुआ था. मी काय बर्फ आहे का?"



मग तिने आणखी सांगितलं. ती आठ वर्षांची असताना तिला डोंगरातल्या शाळेत घातलं, कारण बाबांच्या बदल्या जिथे होत तिथे कुटुंब नेता येत नसे. सुटी संपली की सोडायला येत. आई उतरायची, ट्रंक उतरायची, बाबा मात्र स्टिअरिंगवर. इंजिन चालूच. थंडीत बंद केली तर पुन्हा सुरू होणार नाही, असं म्हणायचे. "माझ्या डोक्यात बाबा म्हणजे चालू इंजिनचा आवाज. मी मिठी मारायची ती पण खिडकीतून." ती शिक्षिका होऊन पुन्हा डोंगरातच राहायला गेली. तिकडेही ते येत, ती गेटवर उभी असे, मग पुढच्या खोलीत उभ्या उभ्या चहा घेत आणि निघत. एक रात्र कधी राहिले नाहीत. आई असताना नाही, आई गेल्यावर तर नाहीच.

"मी मार्चमध्ये चालले आहे," ती म्हणाली. "साउथमध्ये, तिकडच्या एका शाळेत. मग ते कसले येतायत तिकडे? गाडी सेक्टरच्या बाहेर पडेपर्यंतच अर्धी होईल. तू त्यांना सांग. राहायला येणार असतील तर या म्हणावं. नुसतं बघून जायला येऊ नका. मी या वेळी गेटवर येणार नाही."

हे तिने स्वतः सांगायला हवं होतं, असं मला वाटलं. पण या घरातली माणसं एकमेकांना महत्त्वाचं काही थेट सांगत नसत, निरोप पाठवत. मी खाली गेले. ते बरणी फ्रिजच्या मागच्या कप्प्यात ठेवत होते. जसंच्या तसं सांगितलं, मार्चचं आणि गेटचं सुद्धा. त्यांनी ऐकून घेतलं.

"ठीक," ते म्हणाले, आणि फ्रिजचं दार लावलं.

त्यानंतर कितीतरी दिवस त्यांनी तो विषय काढला नाही. मी दोनदा काढून बघितला, तर मला टायरमधल्या हवेबद्दल ऐकून घ्यावं लागलं. त्यांचं सगळं लक्ष त्या उताराच्या चमत्कारावर होतं. जो भेटेल त्याला सांगायचे. चढताना जे घेते, उतरताना त्यातलं बरंचसं देते. आजवर किती पेट्रोल आपण उतारावर ब्रेक दाबून फुकट घालवलं, याचा त्यांना नव्याने पश्चात्ताप व्हायला लागला होता. सरदारजींनी एकदा भिंतीवर कोपर टेकून सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "फेर तां कर्नल साब, वापसी दा तेल तां पहाड़ ही दे देगा. हुण काहदा फ़िकर?"

परतीचं तेल डोंगरच देणार तर आता काळजी कसली, हे सरदारजींनी काही मनात धरून म्हटलं नव्हतं. पण कर्नल बोलायचे थांबले. खुर्ची उचलली आणि आत गेले. त्या दिवशी चार्जिंगजवळ कुणी बसलं नाही.

फेब्रुवारी सरत आला होता. एका शनिवारी सकाळी त्यांनी खालून हाक मारली, "पोरी, फोन घे. चल." कुठे ते मी विचारलं नाही. गाडीत मसाल्याची नवी बरणी होती, म्हणजे कुठे ते कळलंच.

चढ लागल्यावर मी आकडे वाचले नाहीत. त्यांनीही मागितले नाहीत. पण मागच्या वेळी वळलो होतो त्याच्या जरा अलीकडे, एका चहाच्या टपरीपाशी, स्क्रीनवर पन्नास आले आणि त्यांनी गाडी कडेला घेतली. जुन्या गाडीत अशा वेळी निदान इंजिनची घरघर तरी असायची, माणसाला काही न बोलता बसता यायचं. इथे काहीच आवाज नव्हता. बाजूने एक ट्रक चढत गेला, मग तोही ऐकू यायचा थांबला. त्यांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.

"काका," मी म्हटलं, "उतारावर परत मिळतं. तुम्हीच सांगता सगळ्यांना."

"ते ठाऊक हाय मला."

"मग?"

टपरीवाला चहा हवा का म्हणून बघून गेला.

"परतायचं काय, परतता येतं," ते म्हणाले. "जन्मभर तेच केलं. पोचल्यावर काय करायचं असतं, ते मला ठाऊक नाही. ती काय बोलंल, मी काय बोलायचं. तिची आई असायची बोलायला."

मी पंचवीस-सव्वीस वर्षांची मुलगी. मी त्यांना काय सांगणार? माझ्या स्वतःच्या वडिलांशी मी फोनवर जेवण झालं का याच्यापुढे जात नव्हते. मी म्हटलं, "काही नाही करायचं. बसायचं." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी अर्ध्या टाकीच्या प्रश्नाला पुन्हा चुकीचं उत्तर दिलं होतं. मग रिकाम्या रस्त्यावर नियमाप्रमाणे इंडिकेटर दिला, आरशात बघितलं, आणि गाडी पुढे काढली. पन्नासाचे एकोणपन्नास झाले तेव्हा त्यांनी एकदा खाकरून घसा साफ केला. बाकी काही नाही.

ताई शब्दाची पक्की. गेटवर नव्हती. चौकीदाराने आत सोडलं. शिक्षकांची घरं शाळेच्या मागे उतारावर होती. ती घरासमोर दोरीवर चादरी वाळत घालत होती, आमच्याकडे पाठ. एरवी तिला खालच्या वळणावरच गाडी ऐकू आली असती. आज गाडी तिच्या मागे येऊन उभी राहिली तरी तिला कळलं नाही. कर्नलांनी बटण दाबलं, पायात बूट चढवला, खाली उतरले आणि दार लावलं. त्या आवाजाने ती वळली.

तिने आधी त्यांच्याकडे बघितलं नाही, गाडीकडे बघितलं. "चालू आहे?" तिने विचारलं.

"बंद केली."

ती ओला हात ओढणीला पुसत तशीच उभी होती. मी बरणी घेऊन उतरले, ती तिच्या हातात दिली, आणि काय बोलावं न कळून थंडी आहे म्हणाले. ताईने मान हलवली. मग तिने विचारलं, "कितना टाइम है, बाबा?"

"ते गाडीवर हाय," कर्नल म्हणाले. ते तिच्याकडे न बघता छपराकडे बघत बोलत होते. "चार्जिंग करावं लागंल. साधा प्लग असंल ना तुझ्याकडं? त्याच्यावर उद्यापर्यंत लागतं. त्याबिगर निघता यायचं नाही."

गाडीत आम्ही घरी पोचून उरेल इतकं चार्जिंग होतं. मला ठाऊक होतं, त्यांना ठाऊक होतं. ताई आठवी-नववीच्या वर्गांना फिजिक्स शिकवायची. ती गाडीपाशी आली, काचेतून वाकून स्क्रीनवरचा आकडा बघितला, मान वर करून आम्ही आलो तो, परतताना सगळा उताराचा असलेला रस्ता बघितला. घरात गेली आणि इस्त्रीची लांब वायर आणि बोर्ड घेऊन आली. "किचनमधून घ्यावी लागेल," ती म्हणाली. "खिडकी उघडी ठेवते."

मी वायर सोडवत होते. तेवढ्यात कर्नलांनी डिकी उघडली. मला वाटलं, चार्जिंगची केबल काढतायत. पण त्यांनी दोन्ही हातांनी ओढून काढला तो त्यांचा फौजेतला होल्डॉल, कातडी पट्ट्यांनी आवळलेला, फुगलेला. पहाटे कधीतरी त्यांनी तो एकट्याने बांधून डिकीत ठेवला असणार, मला पत्ता नव्हता. एका बाजूने पट्टा सैल होता आणि आतून पातळ गादी, उशी आणि रजईचं टोक दिसत होतं. चादरीसकट सगळा बिछाना होता.

"बाबा, बिस्तर कशाला आणलंत?" ताई म्हणाली. "इथे सगळं आहे. तुमची खोली आहे. पहिल्यापासून आहे."

होल्डॉल जड होता, पण त्यांनी तो खाली ठेवला नाही.

"असंल गं," ते म्हणाले. "मला काय माहीत? मी कधी पुढच्या खोलीच्या आत आलोच नाही."

ताईने बरणी माझ्या हातात परत दिली, होल्डॉलची दुसरी बाजू उचलली, आणि दोघं तो धरून आत गेले, पुढच्या खोलीतून आतल्या खोलीत.